निकाल गावालाही कळू द्या

१९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा वैद्यकीय अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था अशा तिघांनी मिळून तो हाती घेतला होता. प्रश्न सरळ होता. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर खेड्यापाड्यांत वेळेवर पकडायचा, तर कुठली तपासणी खरोखर जीव वाचवते? एचपीव्ही विषाणूची चाचणी, पॅप स्मिअर, की व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं? ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट आणि त्यांचे चार भाग. तीन भागांत एकेक तपासणी, चौथ्यात त्या वेळी जे चालू होतं तेवढंच. आणि बायकांच्या तपासणीचा सरकारी कार्यक्रम तेव्हा तिथं नव्हताच. २००९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कॅन्सरनं गेल्या. तुलनेच्या गटातल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते.

त्यानंतर गरीब देशांतल्या बायकांची तपासणी कशी करावी, असा विषय जगात कुठंही निघाला की उस्मानाबादचा हवाला दिला जातो. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही चाचणीला पसंती देते, त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यास आहे. हे ज्ञान महाराष्ट्राच्या खेड्यांतून जगाला गेलं. ज्या बायकांनी दिवसाचा रोजगार बुडवून, लाजेवर मात करून, पडद्याआडच्या टेबलावर ही तपासणी करू दिली, त्यांचा त्यात शास्त्रज्ञांइतकाच वाटा आहे. तुलनेच्या गटात राहिलेल्या आणि गेलेल्या चौसष्ट जणींचाही आहे. तपासणी न मिळालेला गट ठेवणं योग्य होतं का, यावर पुढं जाणकारांत वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण वाद घालणाऱ्यांनी आणि बचाव करणाऱ्यांनी मिळून ज्यांच्याबद्दल बोलायचं, त्या बायकांच्या लेकीसुनांना हे आकडे ठाऊक असायला नकोत का? धाराशिवच्या प्रत्येक शाळेत, प्रत्येक बचत गटात ही गोष्ट सांगितली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. आपल्या आजीनं, आईनं जगाला काय शिकवलं हे ज्या मुलीला कळेल, ती स्वतःच्या तपासणीला वेगळ्या मानेनं जाईल.

वैद्यकीय संशोधन आणि इतर विज्ञान यांत हाच मोठा फरक आहे. दूरच्या ताऱ्याचा अभ्यास करणाऱ्याला ताऱ्याची परवानगी लागत नाही. वैद्यकीय संशोधन मात्र कुणाच्या तरी रक्तावर, लघवीच्या बाटलीवर, घरी जाऊन विचारलेल्या खाजगी प्रश्नांवर उभं राहतं. म्हणून लोकांपर्यंत विज्ञान नेण्याचं काम या क्षेत्रात उपकाराचं नसतं, ते देणं फेडण्याचं असतं. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यानं २०१३ च्या आवृत्तीत हे स्पष्टच लिहिलं आहे: अभ्यासात भाग घेतलेल्या प्रत्येकाला त्याचा एकंदर निकाल जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे. आपल्याकडे प्रत्येक एथिक्स कमिटीत हा जाहीरनामा मानला जातो. संमतिपत्रावरच्या सहीबद्दल आपण काटेकोर झालो आहोत, पण सही घेतल्यानंतर त्या माणसाकडे परत जायचं असतं, हे कलम बहुतेक वेळा कागदावरच राहतं.

आपल्याकडे विज्ञानप्रसार म्हटलं की २८ फेब्रुवारी आठवतो. राष्ट्रीय विज्ञान दिनाला कॉलेजात पोस्टर लागतात, व्याख्यान होतं, प्रश्नमंजुषा होते. या सगळ्याला मी कमी लेखत नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून व्याख्यानं, शिबिरं, मासिक असं काम चिकाटीनं करते आहे आणि तिनं मराठीत विज्ञान बोलणारी माणसं घडवली. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून सहावी आणि नववीच्या मुलांना नुसत्या लेखी परीक्षेवर न थांबवता प्रयोग आणि कृतिसंशोधनापर्यंत नेते. ही मोलाची कामं आहेत. पण त्यांत विज्ञान वरून खाली येतं: जाणत्याकडून नेणत्याकडे. वैद्यकीय संशोधनाला याच्या जोडीला दुसरी एक वाट लागते. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडे परत जाण्याची वाट.

ती वाट नसली की काय होतं, हे आपण २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत पाहिलं. कोविडमधून बऱ्या झालेल्या माणसाचा प्लाझ्मा आजारी माणसाला दिला तर तो वाचेल, अशी आशा २०२० मध्ये सगळ्यांनाच होती. महाराष्ट्र सरकारनं त्या वर्षी जूनमध्ये ‘प्लॅटिना’ नावानं त्याचा मोठा प्रकल्प जाहीर केला. आशा ठेवण्यात चूक काहीच नव्हती. त्याच वेळी आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर पद्धतशीर चाचणी घेतली. ऑक्टोबर २०२० मध्ये ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. प्लाझ्मा दिल्यानं आजार बळावणं थांबलं नाही आणि मृत्यूही कमी झाले नाहीत, हा तिचा निष्कर्ष. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या देशांनी त्या काळात एवढ्या लवकर असं नेमकं उत्तर शोधलं होतं. आपल्याच डॉक्टरांनी, आपल्याच रुग्णांच्या मदतीनं ते शोधलं.

आणि तरी सहा महिन्यांनी दुसऱ्या लाटेत काय चित्र होतं? प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीनं हवा’ असे निरोप फिरत होते. नगरहून पुण्याला, परभणीहून औरंगाबादला माणसं गाड्या घेऊन रक्तपेढ्यांच्या दारात उभी होती. घरात कुणी ऑक्सिजनवर असताना मुलगा प्लाझ्माच्या शोधात दोन दिवस बाहेर होता, आणि त्याच दोन दिवसांत वडील गेले, अशी घरं महाराष्ट्रात कमी नाहीत. उपचारांच्या अधिकृत यादीतून प्लाझ्मा १७ मे २०२१ ला काढला गेला. तोपर्यंत आपल्या स्वतःच्या चाचणीचं उत्तर इंग्रजी नियतकालिकात सात महिने पडून होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, म्हणून नातेवाईक धावले. त्यांना दोष देता येत नाही. डॉक्टरांपैकीही अनेकांवर नातेवाइकांचा दबाव होता. चाचणी उत्तम होती. तिचा निकाल मात्र तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत, वार्डाबाहेर बसलेल्या मुलापर्यंत पोचवणं हे कुणाचंच काम नव्हतं. कुणाच्या कामाच्या यादीत ते नव्हतं, कुणाच्या बढतीसाठी ते धरलं जात नव्हतं, त्यासाठी कुणाला पैसे दिलेले नव्हते.

आधी न सांगितल्याचीही किंमत असते. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत सुमारे २४ हजार मुलींना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर रोखणारी एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रायोगिक प्रकल्प झाला. त्यांतल्या सात मुलींचा मृत्यू झाला आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. मृत्यू लसीमुळे झाले असं चौकशीत दिसलं नाही. पण दुसरंच काही दिसलं: आश्रमशाळांतल्या, वसतिगृहांतल्या कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. मुलीला कशाची सुई टोचली हे आईबापांना माहीतच नव्हतं. २०१३ मध्ये संसदीय समितीनं या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले. त्यानंतर ही लस देशाच्या कार्यक्रमात आणायची म्हटलं की प्रत्येक वेळी खम्ममचं नाव निघायचं. लस मागं पडण्याचं ते एकमेव कारण नव्हतं, किंमत हाही अडथळा होता. पण विश्वास एकदा उडाल्यावर तो परत यायला वर्षं लागली, आणि त्या वर्षांत भारतात दरवर्षी पाऊण लाखाच्या घरात बायका याच कॅन्सरनं जात राहिल्या.

याच्या उलट सिक्कीमनं केलं. २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं नऊ वर्षांपुढच्या शाळकरी मुलींना हीच लस द्यायचं ठरवलं. सुई टोचण्याआधी शिक्षकांना शिकवलं, पालकांच्या बैठका घेतल्या, वर्तमानपत्रांशी बोलले, शंका विचारायला जागा ठेवली. पहिल्या डोसला ९७ टक्के मुली आल्या. लस तीच, देश तोच.

आता विद्यार्थ्यांकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथं आहे. प्रस्थापित संशोधकाची सवय मोडणं कठीण. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलामुलींना जी सवय लागेल ती चाळीस वर्षं टिकेल.

आयसीएमआर १९७९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी एक योजना चालवते. ‘शॉर्ट टर्म स्टुडंटशिप’ असं तिचं नाव, मुलं तिला नुसतं एसटीएस म्हणतात. विद्यार्थ्यानं एखादा प्रश्न निवडायचा, गाइड शोधायचा, प्रस्ताव पाठवायचा, एथिक्स कमिटीची मान्यता घ्यायची आणि दोन महिन्यांत अभ्यास पुरा करून अहवाल द्यायचा. अहवाल मान्य झाला की प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळतं. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते वीस हजार रुपये होतं. पाठांतरावर चालणाऱ्या वैद्यकीय शिक्षणात ही योजना म्हणजे एक उघडी खिडकी आहे. पहिल्यांदा एखादी मुलगी पुस्तकातलं वाक्य खरं आहे का, असं स्वतः जाऊन विचारते. शिवाय आपल्या विद्यापीठांमधली ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा आहे, कॉलेजांच्या पोस्टर स्पर्धा आहेत, परिषदांमधली बक्षिसं आहेत. शाळेतल्या मुलांसाठी केंद्राची इन्स्पायर-मानक योजना आहे, तिच्यात एका कल्पनेसाठी दहा हजार रुपये मिळतात.

अशा एका पोस्टर स्पर्धेत मी परीक्षक होतो. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या गरोदर बायकांना विचारलं होतं, की लोहाच्या गोळ्या मिळतात तरी तुम्ही त्या पुऱ्या का घेत नाही? उत्तरं मोठी बोलकी होती. गोळी घेतली की शौच काळी होते, म्हणून पोटात काही बिघडलं असं वाटून बायका ती बंद करायच्या. काहींना मळमळायचं. काहींच्या सासूबाईंचं म्हणणं होतं, की गोळ्यांनी बाळ फार मोठं होतं आणि बाळंतपण अवघड जातं. मुलीनं टक्केवारी काढली होती, तक्ता रंगीत होता, संख्याशास्त्राची कसोटी बरोबर लावली होती. सगळं विचारून झाल्यावर मी म्हटलं, “शौच काळी होणं साधी गोष्ट आहे, त्यानं काही बिघडत नाही, हे त्या बायकांना कुणी सांगितलं का?” ती थोडी गोंधळली. “सर, ते प्रोटोकॉलमध्ये नव्हतं.”

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. प्रोटोकॉलमध्ये नव्हतं, आणि माझ्या हातातल्या गुणपत्रिकेतही नव्हतं. विषयाचं नावीन्य, पद्धत, विश्लेषण, मांडणी, प्रश्नांची उत्तरं असे रकाने होते. पंचवीस-तीस बायका त्या बाकावर बसून, अंगठा उठवून किंवा सही करून तिला आपल्या घरातलं सांगत होत्या. त्यांच्यापैकी एखादी नक्की म्हणाली असेल, “मग काय निघालं गं बाळा यातून?” त्याचं उत्तर तिच्या पोस्टरवर होतं, पण पोस्टर शहरातल्या सभागृहात टांगलेलं होतं आणि इंग्रजीत होतं. पीक त्यांच्या रानात आलं, खळं मात्र आमच्या दारात पडलं. त्या मुलीला बक्षीस मिळालं आणि ते तिच्या कष्टाचंच होतं. मला सलतं ते हे, की आम्ही परीक्षकांनी तिला त्या दिवशी एक धडा नकळत शिकवला: माणसांकडून माहिती घेणं म्हणजे संशोधन, आणि त्यांच्याकडे परत जाणं म्हणजे वेळ राहिला तर करायची समाजसेवा.

हा धडा बदलता येतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. सुरुवातीला त्यांनी तिथल्या आदिवासींमध्ये सिकलसेलचा आजार असल्याचं शोधून काढलं. संशोधक म्हणून ही मोठी गोष्ट होती. पण लोकांना तिचं फारसं काही वाटलं नाही, कारण तो प्रश्न त्यांनी विचारलेला नव्हता. हा अनुभव डॉ. अभय बंग यांनी पुढं अनेकदा सांगितला आहे. प्रश्न कुणाचा, हे आधी विचारायचं, अशी रीत तिथून सुरू झाली. गावांच्या आरोग्य संसदेत लोक आपले आजार स्वतः क्रमानं सांगू लागले. दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी होऊन ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग असल्याचं आढळलं, तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला आणि जगाच्या आरोग्यधोरणात खेड्यातल्या बाईचं हे दुखणं पहिल्यांदा ठळकपणे आलं. पण त्याचे निष्कर्ष लंडनला गेले तसे गावातल्या बायकांसमोरही मांडले गेले.

मला त्यांच्या कामातली एक लहानशी वस्तू फार महत्त्वाची वाटते. बाळाला न्युमोनिया आहे का, हे त्याचे मिनिटाभरातले श्वास मोजून कळतं. गावातल्या दायांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं आणि घड्याळ वाचता येत नव्हतं. म्हणून त्यांच्यासाठी एक साधन केलं: एका मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर बाळाला न्युमोनिया आहे. ही वस्तू प्रयोगशाळेत कुणाला सुचली नसती. दायीला काय येतं आणि काय येत नाही, हे तिच्या शेजारी बसून पाहिल्यावरच ती सुचते. लोकांशी बोलणं हे इथं संशोधन संपल्यावर लावलेलं शेपूट नाही. त्यानं संशोधनच सुधारलं. पुढं ३९ गावांत आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि तुलनेच्या गावांच्या मानानं तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. २०११ पासून देशभरची आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, तिच्या त्या फेऱ्यांचं मूळ गडचिरोलीत आहे.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचंही असंच. कोकणात लाल विंचू चावून माणसं फुप्फुसात पाणी होऊन मरत होती आणि मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या खाटेशेजारी बसून निरीक्षणं केली आणि प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपाय जगापुढं ठेवला. त्यांचा प्रश्न रुग्णाच्या खाटेवरच उगवला होता. म्हणून त्याचं उत्तरही तालुक्याच्या दवाखान्यात वापरता येण्याजोगं निघालं.

यावर माझे मेडिकल कॉलेजातले सहकारी दोन आक्षेप घेतात, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिला असा, की दोन महिन्यांच्या अभ्यासातून निघालेलं उत्तर कच्चं असतं. ते गावात जाऊन सांगितलं तर लोकांची दिशाभूल होईल. हा धोका खरा आहे. ऐंशी बायकांना विचारून काढलेली टक्केवारी म्हणजे अंतिम सत्य नव्हे. पण कच्चं उत्तर कच्चं म्हणून सांगता येतं. “आम्हाला असं दिसलं, खात्री अजून नाही, खात्री करायला एवढं एवढं लागेल,” हे मराठीत, साध्या शब्दांत, बाईच्या डोळ्यांत बघून सांगणं ही फार अवघड शिस्त आहे. ज्याला आपल्या अभ्यासाची मर्यादा पुरती कळली त्यालाच ते जमतं. कोविडमध्ये सल्ला दर महिन्याला बदलला तेव्हा लोक चिडले, कारण विज्ञान म्हणजे पक्की उत्तरं अशीच त्यांची समजूत आपण करून दिली होती. उत्तर बदलतं, आणि पुरावा आला म्हणून बदलतं, हे त्यांनी कधी जवळून पाहिलंच नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: वाईट निकाल, चुका, मृत्यू हे सगळं उघड सांगितलं तर लोक संशोधनालाच पाठ फिरवतील. यावर अमेरिकेतल्या पोलिओ लशीचा इतिहास आठवावा. १९५४ मध्ये जोनस सॉल्क यांच्या लशीच्या मोठ्या चाचणीत सुमारे १८ लाख मुलांनी भाग घेतला. तिचा खर्च ज्या संस्थेनं केला, तिला घराघरांतून लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवली होती. भाग घेणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘पोलिओ पायोनियर’ असं लिहिलेलं कार्ड आणि बिल्ला मिळाला. सन्मान शास्त्रज्ञांच्या आधी त्या मुलांचा झाला. १२ एप्रिल १९५५ ला निकाल जाहीर झाला, तेव्हा रेडिओवर सगळा देश ऐकत होता. आणि महिना संपायच्या आतच एका कंपनीच्या लशीत जिवंत विषाणू राहून गेल्याचं उघड झालं. सुमारे २०० जणांना अपंगत्व आलं, दहा जण दगावले. सरकारनं लसीकरण थांबवलं, काय घडलं ते सांगितलं, उत्पादनाचे नियम कडक केले आणि पुन्हा सुरुवात केली. पालक मुलांना घेऊन परत आले. लस आपल्या पैशांनी आणि आपल्या मुलांच्या दंडावर तयार झाली, हे त्यांना माहीत होतं, म्हणून ते परत आले असं मला वाटतं. खम्ममच्या आईबापांना आपलंसं वाटावं असं काही आपण त्यांना दिलंच नव्हतं.

म्हणून विद्यार्थ्यांच्या पुरस्कारांत मला बदल हवा आहे. ‘उत्कृष्ट विज्ञानप्रसारा’चं एक वेगळं बक्षीस काढणं मला पुरेसं वाटत नाही. तसं केलं तर बोलक्या मुलांची एक वेगळी रांग होईल आणि बाकीचे निवांत राहतील. संशोधनाचाच जो पुरस्कार आहे, त्याच्याच मूल्यमापनात हे आलं पाहिजे. प्रस्ताव लिहितानाच विद्यार्थ्यानं सांगावं, की निकाल मी कुणाला, कुठं आणि कोणत्या भाषेत सांगणार आहे. एथिक्स कमिटीनं संमतिपत्राइतक्याच काटेकोरपणे ते तपासावं. अहवालासोबत एक पान मराठीत असावं, गडचिरोलीच्या आतल्या भागात अभ्यास केला असेल तर माडियात किंवा गोंडीत, आणि ते वाचल्यावर लोकांनी काय प्रश्न विचारले, त्यांची नोंद असावी. त्या प्रश्नांना मी सगळ्यात जास्त गुण देईन. ‘सगळ्यांना समजलं’ एवढंच लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानं बहुधा काहीच सांगितलेलं नसतं. ‘सासूबाईंनी विचारलं, की मग गूळ-शेंगदाणे खाल्ले तर गोळी चुकवता येईल का, आणि मला नीट उत्तर देता आलं नाही,’ असं लिहिणारी मुलगी पुढच्या अभ्यासाचा प्रश्न घेऊन परत आलेली असते.

यासाठी परीक्षकही बदलावे लागतील. एथिक्स कमिटीत वैद्यकीय पेशाबाहेरचा एक सर्वसामान्य नागरिक असावा लागतो, हा नियम आपण केव्हाच स्वीकारला आहे. अभ्यास सुरू होण्याआधी ज्याचं मत आवश्यक मानलं, त्याचं मत अभ्यास संपल्यावर अनावश्यक कसं ठरतं? पोस्टर स्पर्धेच्या परीक्षकांत एक अनुभवी आशाताई असावी, बचत गटाची एखादी अध्यक्षा असावी. “हे मला कळलं नाही, पुन्हा सांग,” असं ती म्हणेल तेव्हा विद्यार्थ्याला कळेल, की आपल्यालाही ते पुरतं कळलेलं नाही. प्राध्यापकांपुढं इंग्रजी शब्दांच्या आडोशाला उभं राहता येतं. तिच्यापुढं तो आडोसा राहत नाही.

मुलांवर ओझं वाढेल, असं काही जण म्हणतील. एमबीबीएसच्या मुलांचा दिवस किती भरलेला असतो हे मला माहीत आहे. पण यासाठी वेगळा मेळावा, मांडव, हारतुरे काही लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांची बैठक दर महिन्याला भरतेच. गरोदर मातांच्या तपासणीचा दिवस ठरलेला असतो, तेव्हा पन्नास बायका बाहेर बसूनच असतात. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर आहे, तिला एकदा खरं काम मिळेल. विद्यार्थ्यानं तिथं अर्धा तास मागून घ्यायचा आहे. जाण्यायेण्याचा एसटीचा खर्च आणि त्या एका दिवसाची हजेरी कॉलेजनं द्यावी. विद्यावेतनाचा शेवटचा हप्ता हा अर्धा तास झाल्यावर मिळावा, आणि तो झाला की नाही हे सही-शिक्क्यानं न ठरवता तिथल्या आशाला फोन करून विचारावं.

नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे पुढच्या वर्षीच्या स्पर्धेपासून सुरू करू शकतं. राज्यातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंगची कॉलेजं त्याच्याशी जोडलेली आहेत. सुरुवातीला फक्त सार्वजनिक आरोग्याच्या विषयांवरचे प्रकल्प घेतले तरी चालेल. पहिल्या वर्षी पन्नास मुलं गावांत परत गेली, तर त्यांच्या नोंदींतून लोकांनी विचारलेले प्रश्न एकत्र करून छापावेत आणि पुढच्या वर्षी प्रस्ताव मागवताना तीच यादी विद्यार्थ्यांपुढं ठेवावी.